अ‍ॅम्बेसिडरचं सिलिंडर हेड: बदलायचं की वाचवायचं, आणि बदलायचं तर कसं

प्रश्न असा आहे. वडिलांची 1984 ची अ‍ॅम्बेसिडर मार्क 4, इंजिन मूळचं 1489 सीसी पेट्रोल. सपाटीला गाडी ठीक चालते, आंबोली घाट चढताना मात्र काटा लाल रेषेला टेकतो. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं की पाण्यात बुडबुडे येतात, आणि बाहेर कुठे गळती दिसत नसताना पाणी कमी होत जातं. गॅरेजमध्ये सांगितलं, "हेडला तडा गेलाय, जुन्या बाजारातलं दुसरं हेड टाकून देतो." हेड खरंच बदलायला हवं का, आणि हे काम घरी जमेल का?

हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं वरचं झाकण, अजून उतरवलेलंच नाही, तेव्हा त्याला तडा आहे असं आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. बुडबुडे म्हणजे जळालेला वायू पाण्याच्या वाटेत शिरतोय, एवढंच कळतं. तो उडालेल्या गॅसकेटमधून (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थरातून) येत असेल, वाकलेल्या हेडखालून येत असेल किंवा तड्यातून. हेड उतरवून, धुऊन, तपासून मगच बदलायचं की नाही ते ठरवा. आणि बदलायचं ठरलंच, तर जुन्या बाजारातलं हेड तुमच्या हेडपेक्षा चांगलं आहे याचा पुरावा काय, हाही प्रश्न विचारा. बहुतेक वेळा पुरावा काहीच नसतो. तेही कुठल्यातरी तापलेल्या गाडीवरूनच उतरलेलं असतं.

काम घरी जमण्याबद्दल: काढणं आणि बसवणं जमेल. हे इंजिन त्यासाठी फार उदार आहे. मूळ रचना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजची, तीच हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत राहिली. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेड काढताना टायमिंग चेनला हात लावावा लागत नाही आणि डिस्ट्रिब्युटरही हलवावा लागत नाही. मधलं मशीनचं काम, म्हणजे प्रेशर टेस्ट, फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं), गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि सीट (व्हॉल्व्ह टेकून बंद होतो ती कड), हे मात्र चांगल्या मशीन शॉपचंच आहे. ते घरी करायच्या फंदात पडू नका.

पाना उचलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग लिहून काढा. चारही आकडे एकमेकांच्या 10 ते 15 टक्क्यांत असतील तर सिलिंडरच्या मधलं गॅसकेट शाबूत आहे. शेजारचे दोनच सिलिंडर, समजा 2 आणि 3, एकदम खाली आले असतील तर त्यांच्यामधली गॅसकेटची पट्टी जळालेली असणार. एकच सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर दोष रिंगांचा. आला नाही तर व्हॉल्व्ह, गॅसकेट किंवा तडा. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं एक तपासणीचं द्रावणही मिळतं, निळ्याचं पिवळं झालं की पाण्यात एक्झॉस्टचा वायू आहे हे पक्कं. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही धरते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी त्याच दिवशी बंद ठेवा.

आता हेड उतरवणं. इंजिन पूर्ण थंड हवं, आदल्या रात्रीपासून उभं असेल तर उत्तम. बॅटरीची केबल काढा, पाणी सोडा. नुसतं रेडिएटरचं नाही, ब्लॉकच्या मागच्या भागातल्या ड्रेन टॅपमधूनही. हा टॅप उघडला आणि पाणीच आलं नाही, तर तुमच्या घाटातल्या तापण्याचं निम्मं कारण तिथेच सापडलं म्हणून समजा. गंज आणि गाळ ब्लॉकच्या तळाशी, मागच्या सिलिंडरभोवती घट्ट बसतो. रेडिएटर कितीही साफ केला तरी तो गाळ हलत नाही, आणि त्यामागचं लोखंड कोरडंच तापत राहतं. टॅप काढून जाड तारेनं आत खरवडा. हेड निघाल्यावर वरच्या भोकांमधून पाण्याचा जोर मारा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. काम बदली हेडचं असो की जुन्याच हेडचं, ही पायरी गाळू नका.

पाने इंची मापाचेच वापरा. जवळपासचा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटांचे कोपरे गोल करून ठेवतो.

हेड एकूण 11 नटांवर बसलेलं आहे. त्यातले चार नट रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याचे) ब्रॅकेटही धरून ठेवतात, आणि इथेच अनेक चांगली हेड वाया जातात. मिस्त्री "आधी रॉकर काढू" म्हणतो आणि ते चार नट सोडतो, बाहेरचे सात तसेच घट्ट. हेड एका बाजूनं आवळलेलं, दुसऱ्या बाजूनं मोकळं, म्हणून ते पिळतं. पाणी सोडलेलं नसेल तर ते सिलिंडरमध्ये आणि खाली तेलात उतरतं. म्हणून अकराही नट एकत्र सोडायचे, बाहेरून मध्याकडे येत, प्रत्येक फेरीत अर्धा आटा. रॉकर नुसते दुरुस्तीसाठी काढायचे असले तरी हाच नियम.

पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) काढताना आधी गोल फिरवा, मग उचला. नाहीतर तेलाच्या ओढीनं खालचं टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधला तुकडा) वर येतं आणि जागेवरून निसटतं. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, पुढची बाजू लिहून, त्याच क्रमानं पुशरॉड खोचून ठेवा. प्रत्येकानं आपापल्या जागेवर झीज घेतलेली असते, अदलाबदल झाली की आवाज सुरू होतो.

हेड चिकटलं असेल तर मधे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या एका ओरखड्यातून पुढे पाणी वाट काढतं. बाजूला लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं ठोका, एकदा इकडून, एकदा तिकडून. हे बिडाचं हेड 25 किलोच्या आसपास भरतं, उचलताना दोघं असा आणि स्टडवरून (ब्लॉकमधून वर आलेल्या, नट बसणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवरून) सरळ वर घ्या. जुनं गॅसकेट खरवडताना ते ओलं ठेवा. त्या काळच्या गॅसकेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ छातीत जायला नको.

निघालेलं गॅसकेट लगेच फेकू नका, उजेडात नीट बघा. जळालेली काळी रेघ कुठून कुठे गेली आहे, त्यावरून दोष कळतो. सिलिंडरपासून पाण्याच्या भोकाकडे रेघ गेली असेल तर तुमचे बुडबुडे तिथलेच. गॅसकेट सगळीकडे शाबूत असेल तरच तड्याचा संशय बळकट होतो.

तडा शोधायचा तर कुठे बघायचं हे माहीत हवं. या हेडमध्ये पुढून मोजत गेलं तर 1, 4, 5 आणि 8 हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, बाकीचे इनलेट. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट अगदी शेजारी शेजारी आहेत आणि दोघांना बाहेर पडायला मधला एकच पोर्ट आहे. कडेच्या पोर्टमधून एका सिलिंडरचा धूर जातो, मधल्यातून दोघांचा. हेडची सगळ्यात तापणारी जागा ती. घाटात गाडी उकळली, कोणीतरी घाईनं झाकण उघडून गार पाणी ओतलं, की बीड तिथे एकदम आकसतं. तडे बहुतेक व्हॉल्व्हच्या सीटजवळ, दोन सीटच्या मधल्या अरुंद पट्टीवर सापडतात. काजळीखाली ते दिसत नाहीत, म्हणून हेड आधी पूर्ण स्वच्छ करायचं. बिडाचं हेड कॉस्टिकच्या टाकीत टाकलं तरी चालतं. पद्मिनीवाल्यांनी हे वाचून तसं करू नये, फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक ते खाऊन टाकतं.

स्वच्छ हेडवर लाल डाय मारा, थोडा वेळ मुरू द्या, पुसा, वर पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. हे घरीही होतं. पण वरवरची रेघ आणि पाण्यापर्यंत पोचलेला तडा यांत फरक आहे, आणि तो फक्त प्रेशर टेस्टमध्ये कळतो. त्यात पाण्याची सगळी तोंडं पट्ट्या आणि रबर लावून बंद करतात, आत हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम पाणी महत्त्वाचं, कारण काही तडे थंडीत मिटलेले असतात आणि तापल्यावरच उघडतात. मशीन शॉपमध्ये आग्रह धरा आणि टेस्ट चालू असताना स्वतः समोर उभे राहा.

माझा निवाडा असा. सीटच्या कडेला बारीक तडा आहे, पण प्रेशर टेस्टमध्ये बुडबुडा नाही: नवी इन्सर्ट सीट (वेगळी बसवायची कडी) बसवताना तो भाग बहुधा कापलाच जातो, हेड वाचतं. दोन एक्झॉस्टच्या मधून तडा पाण्यापर्यंत गेलाय: दुसरं हेड शोधा. बिडाचं वेल्डिंग अख्खं हेड भट्टीत तापवून आणि सावकाश थंड करूनच टिकतं. रस्त्याकडेच्या वेल्डरनं थंड हेडवर मारलेला टाका शेजारी नवा तडा पाडतो. तडा सपाट, सहज हात पोचेल अशा भिंतीवर असेल तर मेटल स्टिचिंगचा, म्हणजे धातूच्या पिना ठोकून तडा टाचण्याचा, मार्ग आहे. त्यात तापवावं लागत नाही, आणि कसबी माणूस मिळाला तर काम वर्षानुवर्षं टिकतं.

तडा नाही असं ठरलं की सपाटी बघा. चांगली सरळपट्टी हेडच्या तळावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) सरकवायचा. 0.05 मिलिमीटरची पात कुठेच जात नसेल तर फेस मारू नका. जात असेल तर निघेल तेवढंच काढा. "घेतलंच आहे मशीनवर तर जरा जास्त मारू, पिकअप वाढेल" हे ऐकू नका. कॉम्प्रेशन वाढतं, गाडी जास्त तापते, आणि पुढच्या वेळी फेस मारायला जागाच उरत नाही. हीच सरळपट्टी ब्लॉकवरही फिरवा. ब्लॉकवर आणखी एक जागा बघायची, जी फार कमी लोक बघतात: प्रत्येक स्टडच्या बुंध्याशी नखं फिरवा. वर्षानुवर्षं जास्त आवळलेल्या इंजिनात स्टडभोवतीचं लोखंड किंचित वर ओढलेलं असतं, नखाला कडा लागते. त्या कडेवर गॅसकेट टेकतं आणि बाकी ठिकाणी दाबलंच जात नाही. नवं हेड, नवं गॅसकेट घालूनही महिन्याभरात पुन्हा बुडबुडे येतात त्याचं कारण पुष्कळदा हेच. स्टड काढून भोकाच्या तोंडाशी हलका उतार द्यायचा, की ती कडा जाते. लांबलेले, आटे खाल्लेले स्टड बदलून टाका.

दुसरं हेड शोधायची वेळ आलीच तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि या गाडीचं खरं माहेर म्हणजे कोलकात्याचा मलिक बाजार. विकत घेताना "टेस्टला नापास झालं तर परत" हे आधी बोलून घ्या. इंजिनाचं नाव विचारून घ्या, कारण नंतरच्या 1800 आयएसझेड गाड्यांचं इंजिन इसुझूचं, त्याचं हेड तुमच्या ब्लॉकवर बसणार नाही, आणि डिझेलचंही चालणार नाही. चारही कोपऱ्यांत व्हर्नियरनं जाडी मोजा. कोपऱ्यांत फरक असेल तर आधी कोणीतरी तिरका फेस मारलाय, आणि तुमच्या जुन्या हेडपेक्षा बरंच पातळ असेल तर ते मरायला टेकलेलं आहे. इंग्लंडहून एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं हेड मागवायची कल्पना काही जण देतात. घराणं एकच आहे हे खरं, पण ते 1798 सीसीच्या मोठ्या बोअरसाठी (सिलिंडरच्या व्यासासाठी) आहे, व्हॉल्व्हही मोठे. तुमच्या 73 मिलिमीटर बोअरच्या ब्लॉकवर व्हॉल्व्ह कडेला आपटण्याचा धोका असतो. मूळचं मिळत असताना त्या वाटेला जाऊ नये. एक चिंता मात्र करू नका: इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे हेड बदललं म्हणून आरसी बुकात काही बदलत नाही.

हेड कुठलंही असो, सीट आणि गाइड याच वेळी करून घ्या. या हेडच्या मूळ सीट बिडातच कापलेल्या असतात. शिसं असलेल्या पेट्रोलमध्ये शिशाचा पातळ थर त्या सीटला सांभाळायचा. 2000 सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि ते संरक्षण गेलं. लांब पल्ल्याला, घाटात, जोरात चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो आणि टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली फट) आपोआप कमी होत जाते. तुमची गाडी आंबोली चढते, म्हणून निदान चार एक्झॉस्टना कडक इन्सर्ट बसवाच. सीटखाली पाण्याची जागा जवळ असते, तेव्हा इन्सर्ट बसवल्यानंतर प्रेशर टेस्ट पुन्हा. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघा, बाजूला लटपटत असेल तर गाइड बदला. कॉटरखाली (स्प्रिंगची टोपी अडकवणाऱ्या खिळीखाली) व्हॉल्व्हच्या दांडीवर बसणारी छोटी रबरी रिंग नवी घाला. ती विसरली किंवा पिळली गेली की सकाळी सुरू करताना निळा धूर येतो आणि दोष रिंगांवर ढकलला जातो.

व्हॉल्व्ह घासून झाले की सीटवर चारी बाजूंनी सारख्या रुंदीची राखाडी पट्टी दिसली पाहिजे. मग स्प्रिंग बसवून हेड उलटं ठेवा, प्लग लावा आणि प्रत्येक चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरा. काही मिनिटं थांबून पोर्टमध्ये बोट फिरवा. ओल लागली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासा. मशीन शॉपनं पास केलं तरी मी ही परीक्षा सोडत नाही.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी काढताना पॉलिश पेपर वापरू नका, त्याची रेती रिंगांत उतरते. कडेला ग्रीसची रेघ भरा, लाकडाच्या पट्टीनं काजळी काढा, मग ग्रीस पुसून घ्या. स्टडच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं ठेवू नका.

गॅसकेटवर पुढची आणि वरची बाजू छापलेली असेल तर ती पाळा. नसेल तर ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळतंय ना ते बघा, विशेषतः रॉकरला तेल नेणारं छोटं भोक. ते झाकलं गेलं तर रॉकर शाफ्ट कोरडा चालून झिजतो. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ हवेत, सिलिकॉनचे थर नकोत. हेड खाली ठेवा, पुशरॉड टॅपेटच्या वाटीत बसलेत याची खात्री करा, रॉकर शाफ्ट ठेवा आणि अकराही नट हातानं लावा. आटे स्वच्छ, तेलाचं बोट फिरवलेले. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. या 1489 सीसी इंजिनासाठी बीएमसीच्या मॅन्युअलातला आकडा 40 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 54 न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजानं नाही. जोरात आवळल्यानंच ती स्टडभोवतीची कडा तयार होते.

टॅपेटची गॅप 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर. सोपी रीत नऊच्या बेरजेची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करा, सहावा उघडा असेल तेव्हा तिसरा, पाचवा उघडा असेल तेव्हा चौथा, याप्रमाणे. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच गॅसकेटवर, काही ठिकाणी एकाच वॉशरखाली दाबले जातात. दोघांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो आणि इनलेटला हवा लागते. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन पुन्हा तापतं, तेव्हा ते वॉशर नीट बघून लावा.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. बोअरचं पाणी घालू नका, त्यातला क्षार ब्लॉकमध्ये थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट घाला. आणि कोणी "आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणालं तर नाही म्हणा. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला चालायचं तापमान गाठायला वेळ लागतो. नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघा आणि बसवा. हेड उतरलेलं असतानाच रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ करणं) करून घ्या, फॅन बेल्ट आणि झाकणाचं रबर बदला, आणि जोडणी झाल्यावर इग्निशन टायमिंग तपासा. टायमिंग मागे पडलेलं असेल तर सगळी दुरुस्ती करूनही गाडी घाटात तापेल.

इंजिन सुरू झालं की थर्मोस्टॅट उघडेपर्यंत उभ्यानंच चालू द्या, हवा निघून पाणी खाली गेलं की भरा. पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा. पुढचे 500 ते 800 किलोमीटर सपाटीला, हलक्या पायानं चालवा. त्यानंतर पुन्हा थंड इंजिनावर, त्याच क्रमानं, एक नट किंचित सोडायचा आणि लगेच 40 फूट-पाउंडला आणायचा, मग पुढचा. सगळे एकदम सोडायचे नाहीत. गॅसकेट आणखी बसलेलं असतं, म्हणून टॅपेटची गॅपही पुन्हा घ्यावी लागते. कॉम्प्रेशन परत मोजून पहिल्या कागदावरच्या आकड्यांशेजारी लिहा. आंबोलीला त्यानंतर जा, आणि वर पोचल्यावर झाकण न उघडता इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालू ठेवूनच बंद करा.